पंडित विष्णू नारायण भातखंडे : एका विद्यार्थ्याचे चरित्र



२२ नोव्हेंबरला ख्रिस्तसभा संत सिसिलियाचा सण साजरा करते. ती संगीताची आश्रयदाती संत. चित्रांमध्ये तिच्याजवळ कधी ऑर्गन दिसतो, तर कधी हार्प. ते चित्र पाहून आपल्या गायनवृंदातील मुले-मुली दरवर्षी आम्हाला एकच प्रश्न विचारतात : फादर, हे वाद्य कसे शिकतात, आणि आपल्याला येईल का? पाश्चात्त्य मैफलीतील मोठ्या हार्पला ४७ तारा आणि पायाखाली ७ पेडल असतात. वाजवताना दोन्ही हातांची चार-चार बोटे चालतात, करंगळ्या मात्र रिकाम्या राहतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत ते शिकवणारे कोणी आमच्या पाहण्यात नाही. तरीही प्रश्न टाळण्यासारखा नाही. कोणतेही वाद्य पहिल्यांदा हातात घेणाऱ्याचा तोच प्रश्न असतो : शिकवणार कोण, आणि सुरुवात कुठून करायची?

त्याआधी हार्पविषयी थोडेसे, कारण हे वाद्य आपल्याला वाटते तेवढे परके नाही. दावीद राजाच्या हातातील तंतुवाद्याला आपल्या मराठी बायबलात वीणा म्हटले आहे, आणि एका अर्थाने तो शब्द अगदी योग्य आहे. प्राचीन भारतात वीणा म्हणत ते वाद्य आजच्या सरस्वतीच्या हातातल्या वीणेसारखे नव्हते. ते धनुष्याच्या आकाराचे, एकेका स्वराला एकेक मोकळी तार असलेले, म्हणजे हार्पच होते. चौथ्या शतकातील सम्राट समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर तो बसून हेच वाद्य वाजवताना दिसतो. पुढे ते आपल्या देशातून जवळजवळ नाहीसे झाले. शेजारच्या ब्रह्मदेशात टिकले, आणि आपल्याकडे टिकले ते मंडल्याच्या डोंगराळ भागात, परधान बांधवांच्या हाती. तिथे त्याला बीन-बाजा म्हणतात. आपल्या भागातील परधानांकडे किंगरी असते, ती मात्र गजाने वाजवायची. राजदरबारातून गेलेले वाद्य जंगलातल्या भाटांनी सांभाळले, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. पण ते कसे वाजवायचे हे कुठे लिहून ठेवलेले नव्हते. शिकवणारा गेला की वाद्यही जाते, असा हा व्यवहार.

हाच व्यवहार बदलण्यासाठी एका मराठी माणसाने आयुष्य वेचले. त्याने हार्प शिकला नाही, सतार शिकली. आज त्याची ओळख करून घेऊ.

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. घर मध्यमवर्गीय. वडील एका श्रीमंत व्यापाऱ्याकडे नोकरीला होते. शाळकरी वयात विष्णूला बासरीची गोडी लागली, आणि पंधरा वर्षांचा झाल्यावर त्याने सतार हातात घेतली. त्याचे सतारीचे गुरू वल्लभदास दामुलजी.

ज्यांनी सतार जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजव्या हाताच्या तर्जनीत तारेची नखी घालतात, तिला मिझराब म्हणतात. त्या नखीने तार आत ओढली की एक बोल आणि बाहेर ढकलली की दुसरा, दा आणि रा. पहिले काही महिने एवढेच. डाव्या हाताची बोटे पडद्यांवर तार दाबत सरकतात आणि त्यांना आधी फोड, मग घट्टा येतो. घट्टा येईपर्यंत सूर स्वच्छ निघत नाही आणि बोट दुखायचेही थांबत नाही. हार्पमध्ये प्रत्येक स्वराची तार वेगळी असते, छेडली की स्वर तयार. सतारीत एकच तार पडद्यावर आडवी खेचून स्वरावरून स्वरावर घसरत न्यायची असते, तिला मींड म्हणतात. किती खेचायचे हे कोणी मोजून देत नाही. कान सांगेल तेवढे. शिकणाऱ्याचा धीर सुटतो तो इथे.

विष्णूचा धीर सुटला नाही, पण त्याला वेगळाच त्रास होऊ लागला. तो सुशिक्षित मुलगा होता. शाळेत गणित शिकताना नियम आधी सांगतात आणि मग उदाहरण देतात. इथे नियम कोणी सांगेना. एकच राग दोन उस्ताद दोन प्रकारे वाजवत. त्यातले बरोबर कोणते, असे विचारले तर प्रत्येक जण आपल्या घराण्याचे नाव घेई. चिजा म्हणजे घराण्याची ठेव. मुलाला किंवा पुतण्याला द्यायची, बाहेरच्याला वर्षानुवर्षे सेवा केल्यावर एखादी. आणि बऱ्या घरातल्या मुलाने सतार घेऊन बसावे हे त्या काळी फारसे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी बंद.

आपल्या झाडीपट्टीतल्या माणसाला हे लगेच समजेल. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगावी नाटके घेऊन निघतात. रंगमंचापुढे बसलेला ऑर्गनवाला रात्रभर वाजवतो. समोर कागद नसतो. तो कसा शिकला? मोठ्याच्या मांडीला मांडी लावून, ऐकून. ही पद्धत खोटी नाही, तिच्यातून उत्तम कलावंत तयार होतात. पण ज्याला असा मोठा माणूस भेटला नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

१८८४ मध्ये भातखंडे मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीचे सभासद झाले. ही संस्था पारशी मंडळींनी, कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने, १८७० मध्ये सुरू केली होती. तिथे पेशाने गवई नसलेल्यांनाही बसून शिकता येई. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी धृपदे घेतली, उस्ताद अली हुसेन यांच्याकडून ख्याल. सहा वर्षांत पुष्कळ चिजा गोळा झाल्या. याच काळात १८८५ मध्ये ते बी.ए. झाले, १८८७ मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि वकिली करू लागले. दिवसा कोर्ट, रात्री संगीत. संस्कृत ग्रंथांचे वाचनही सुरू झाले.

मग घरावर आघात झाले. १९०० मध्ये पत्नी गेली. १९०३ मध्ये मुलगीही गेली. माणूस त्रेचाळीस वर्षांचा, घरात एकटा. त्या वर्षांत त्यांच्या मनात काय चालले होते हे आम्ही रचून सांगणार नाही. एवढे खरे की त्यांनी वकिली सोडली, दुसरा संसार मांडला नाही, आणि पुढच्याच वर्षी आगगाडीने दक्षिणेकडे निघाले.

१९०४ चा हा दक्षिणेचा प्रवास त्यांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल. मद्रास, तंजावर, मदुराई अशी गावे करीत ते एट्टयपुरमला पोहोचले आणि सुब्बराम दीक्षितर यांना भेटले. दीक्षितर घराण्यातल्या शेकडो रचना स्वरलिपीत छापलेला त्यांचा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. घराण्याची ठेव कागदावर उतरवता येते, छापता येते आणि तरी घराणे बुडत नाही, हे भातखंड्यांना तिथे दिसले. दुसरी गोष्ट म्हणजे दक्षिणेतली ७२ मेलांची व्यवस्था. सतराव्या शतकातल्या व्यंकटमखी या पंडिताने सप्तकातले स्वर गणिताने मांडून सर्व रागांना बसायला ७२ खाने करून ठेवले होते. उत्तरेतल्या रागांना असे घरच नव्हते.

१९०७ मध्ये ते आपल्या शेजारच्या नागपूरला येऊन गेले. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि नागपूर त्या प्रांताची राजधानी. तिथून हैदराबाद, विजयनगरम, जगन्नाथपुरी, कलकत्ता. पुढच्या वर्षी उत्तर हिंदुस्थान : जबलपूर, अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदयपूर. प्रत्येक ठिकाणी तेच काम. गवयांना भेटायचे, ग्रंथालयात हस्तलिखिते मागायची, प्रश्न विचारायचे, रात्री मुक्कामावर सगळे वहीत टिपून ठेवायचे. वकिलीची सवय इथे कामी आली. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे ते प्रश्न विचारीत.

आता जरा कठीण गोष्ट सांगावी लागते. त्या वह्यांमध्ये आणि पुढच्या लिखाणातही मुसलमान उस्तादांविषयी त्यांचे उद्गार पुष्कळदा कडवट आहेत. निरक्षर लोकांच्या हाती विद्या गेली आणि बिघडली, असा त्यांचा ग्रह होता. आज ते वाचताना वाईट वाटते, आणि मोठ्या माणसाचे चरित्र आहे म्हणून ते झाकून ठेवावे असे आम्हाला वाटत नाही. कारण त्यांच्या पुस्तकांतली उत्तम रचना आली कुठून? याच लोकांच्या गळ्यातून. ज्यांना शास्त्र येत नाही असे ते म्हणत, त्यांनी पिढ्यान्पिढ्या राग जिवंत ठेवले होते. अक्षर येत नाही म्हणजे ज्ञान नाही, हा तर्क आपल्या भागात तरी कोणाला पटू नये. पानाफुलांची आणि झाडांची जितकी नावे आपल्या गोंड-माडिया वडीलधाऱ्यांना येतात तितकी पदवीधराला येत नाहीत.

आणि भातखंडे स्वतः शिकण्यासाठी त्याच दारांत जाऊन बसले, हेही तितकेच खरे. रामपूरचे वजीर खाँ हे तानसेनाच्या परंपरेतले बीनकार. त्यांच्याजवळची धृपदे बाहेर मिळत नसत. वजीर खाँ रामपूरच्या नवाबांचे गुरू होते. तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, ग्रंथकार म्हणून नाव झालेल्या भातखंड्यांनी नवाब हमीद अली खाँ यांच्याकडून मनगटावर गंडा बांधून घेतला. गंडा म्हणजे शिष्य झाल्याचा धागा. नवाब त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान होते. पदवी, ग्रंथ, वय हे सगळे बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या इयत्तेत बसण्याचे धैर्य फार थोड्यांना असते. जयपूरचे महंमद अली खाँ आणि त्यांचे मुलगे यांच्याकडूनही त्यांनी पुष्कळ चिजा मिळवल्या.

गोळा केलेल्या या ठेवीचे त्यांनी काय केले ते आता पाहू.

पहिले काम स्वरलिपीचे. भातखंड्यांची लिपी इतकी सोपी आहे की दहा वर्षांचे मूल अर्ध्या तासात समजून घेते. सा रे ग म ही साधी अक्षरे. स्वर खालच्या सप्तकातला असेल तर अक्षराखाली टिंब, वरच्या सप्तकातला असेल तर अक्षरावर टिंब. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. एका मात्रेत दोन-तीन स्वर असतील तर खाली अर्धचंद्र. स्वर लांबवायचा असेल तर पुढे लहानशी रेघ. सम दाखवायला फुली, खालीला शून्य. संपले. हे छापायला साधे होते, त्यामुळे पुस्तक बेताच्या किमतीत निघू शके.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही असाच एक माणूस होऊन गेला. अकराव्या शतकात इटलीमध्ये आरेझ्झोचा ग्विदो नावाचा बेनेडिक्टाईन मठवासी मुलांना उपासनेतील गायन शिकवत असे. पाठ करण्यात मुलांची दहा-दहा वर्षे जातात हे पाहून त्याने रेघांवर स्वर मांडण्याची पद्धत बसवली, आणि योहान बाप्तिस्त्याच्या एका जुन्या स्तोत्राच्या ओळींतली पहिली अक्षरे घेऊन स्वरांना नावे दिली. कीबोर्ड शिकणारी आपली मुले डो रे मी म्हणतात ते तिथून आले आहे. त्याच्या मठातल्या सहकाऱ्यांना हा खटाटोप मुळीच आवडला नव्हता. भातखंड्यांच्या वाट्यालाही विरोध आलाच.

दुसरे काम रागांना घर देण्याचे. ७२ मेलांच्या धर्तीवर, पण उत्तरेत प्रत्यक्ष गातात-वाजवतात तेवढेच राग डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी १० थाट ठरवले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. इथे त्यांनी जो निर्णय घेतला तो सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या आमच्यासारख्याला विशेष वाटतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात दोन वीणा घेऊन बावीस श्रुती सिद्ध करण्याचा प्रयोग दिला आहे. त्या वीणा म्हणजे वर सांगितलेले हार्पच असावेत, असे आज अभ्यासक मानतात. म्हणजे जे वाद्य समोर ठेवून शास्त्र लिहिले, ते वाद्यच देशातून गेले होते आणि त्याबरोबर शास्त्राचा अर्थही धूसर झाला होता. भातखंड्यांनी जुने ग्रंथ मन लावून वाचले आणि ठरवले की ग्रंथात बसत नाही म्हणून आजचा राग चुकीचा म्हणायचा नाही. आज लोक जे गातात ते आधी पाहायचे, नियम त्यातून काढायचा. १९१० मध्ये निघालेल्या त्यांच्या संस्कृत ग्रंथाचे नावच श्रीमल्लक्ष्यसंगीतम् आहे. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष प्रचारात असलेले. या ग्रंथावर त्यांनी स्वतःचे नाव घातले नाही, चतुरपंडित असे घातले.

तिसरे काम आपल्या मराठीत आहे. हिंदुस्थानी संगीत पद्धती या त्यांच्या ग्रंथाचे चार भाग, पहिला १९१० चा आणि शेवटचा १९३२ चा. सगळा ग्रंथ गुरू-शिष्याच्या संवादात लिहिलेला आहे. शिष्य शंका काढतो, गुरू समजावतो, शिष्याचे समाधान होत नाही, तो पुन्हा विचारतो. प्लेटोचे संवाद वाचलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल. पंधराव्या वर्षी ज्या मुलाला प्रश्न विचारायची सोय नव्हती, त्यानेच म्हातारपणापर्यंत हजारो प्रश्न विचारणारा शिष्य कागदावर उभा केला. या शिष्याला कोणी गप्प बसवत नाही. आमच्या मते त्यांचे सगळ्यांत मोलाचे पुस्तक हेच, जरी लोकांच्या हातात अधिक गेली ती क्रमिक पुस्तक मालिका.

या मालिकेचे सहा भाग आहेत आणि त्यांत सुमारे १८०० रचना स्वरलिपीसह आहेत. पहिल्या भागात दहा थाटांचे दहा राग, सोप्या सरगमी, लहान गीते. पुढच्या भागांत राग वाढत जातात, चिजा अवघड होत जातात. शाळेच्या इयत्तांसारखी ही चढण आज आपल्याला साधी वाटते. त्या काळी उस्ताद पहिल्या दिवशी काय शिकवील हे त्याच्या मर्जीवर होते.

विरोध कोणाचा होता? मिरजेचे थोर गायक अब्दुल करीम खाँ, सांगलीचे देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांचे म्हणणे होते की स्वर बारा नव्हेत, बारकावे बावीस श्रुतींचे आहेत, आणि ते दाखवण्यासाठी त्यांनी खास हार्मोनियमही बनवून घेतली होती. १९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती मुख्यतः भातखंड्यांच्या प्रयत्नांनी. तिथे या प्रश्नावर जोरदार वाद झाला. आम्हाला दोन्ही बाजूंत तथ्य वाटते. कागदावरचा कोमल गांधार सगळीकडे सारखाच दिसतो. दरबारीतला गांधार कसा झुलतो हे आडव्या रेघेत मावत नाही. ते गुरूच्या तोंडूनच घ्यावे लागते. पण ज्याला गुरूच मिळाला नाही त्याने गांधार म्हणजे काय हेदेखील कळू न देता बसून राहावे, हे योग्य कसे म्हणता येईल?

बडोद्यानंतर दिल्ली, बनारस आणि लखनौ येथे परिषदा झाल्या. ग्वाल्हेरला १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय निघाले. लखनौला १९२६ मध्ये राय उमानाथ बली यांच्या साहाय्याने संगीत महाविद्यालय सुरू झाले. त्या वेळच्या गव्हर्नरांवरून त्याला मॅरिस कॉलेज म्हणत. फी भरून, वर्गात बसून, परीक्षा देऊन हिंदुस्थानी संगीत शिकायची सोय झाली, मुलीही शिकू लागल्या. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी पुढे हे कॉलेज अनेक वर्षे सांभाळले. रातंजनकरांना स्वतः भातखंड्यांनीच बडोद्याला फैयाज खाँसाहेबांकडे शिकायला पाठवले होते. म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्यालाही ठाऊक होते की पुस्तकावर भागत नाही, आणि आपल्या सर्वांत आवडत्या शिष्यासाठी त्यांनी एका उस्तादाचेच दार निवडले. वह्यांतल्या कडवट उद्गारांशेजारी ही गोष्टही ठेवून पाहावी.

१९३३ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. सतार, प्रवास, सगळे थांबले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, मुंबईत त्यांचे निधन झाले. १९६१ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. लखनौचे ते कॉलेज आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे.

गायनवृंदातील मुला-मुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी दोन ओळी. चर्चच्या कार्यालयात क्रमिक पुस्तक मालिकेच्या पहिल्या भागाची एक प्रत ठेवली आहे. हार्मोनियम, कीबोर्ड, बासरी, जे घरात असेल त्यावर पहिल्या पानांतले सरगम वाजवता येतात. टिंब आणि रेघ कुठे द्यायची हे समजून घ्यायचे असेल त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर थांबावे. पुस्तक घरी नेल्यास तीन आठवड्यांत परत करावे, दुसरे कोणीतरी वाट पाहत असेल.